चोर ठरलेला पंप

मी बोलतोय म्हटल्यावर तुमचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे: काय विकायला आलास? विचारा, खुशाल विचारा. मी ज्या घरात राहतो तिथे हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणाला ग्लासभर पाणीही मिळत नाही. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी काही विकत नाही. मी आईच्या अंगावरचं दूध काढायचा पंप आहे. बिनतारी. मला भिंतीतल्या विजेची दोरी लागत नाही, बाटलीला जोडलेली नळी लागत नाही. आम्ही दोन भाऊ, डावा आणि उजवा, वाटीएवढे. कपड्याच्या आत बसतो आणि आई आपल्या कामाला लागते. दोघांच्या वतीने मी उजवाच बोलतो. डावा अबोल आहे, आणि त्याचं बटणही जरा अडकतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. तिथे एका मुलीने माझ्या तोंडावर अंगठा धरून मी ओढतो की नाही ते पाहिलं. मी ओढलं. तिने मान हलवली आणि मला डब्यात घातलं. डब्यावर हसऱ्या बाईचं चित्र होतं. पांढरा शर्ट, पांढरी भिंत, मांडीवर शांत झोपलेलं बाळ. जहाजाच्या पोटात मी त्या चित्राला आतून टेकून पडलो होतो. वाटत होतं, पलीकडच्या किनाऱ्यावर अशा हजारो बायका आपली वाट बघत उभ्या असतील. मी जिच्या हातात पडेन तिला कधी काम आणि मूल यांतलं एक निवडावं लागणार नाही, अशी शपथसुद्धा मी घेतली होती. फार भाबडा होतो मी.

किनाऱ्यावर कोणी नव्हतं. मला ट्रकने अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका गोदामात आणलं. तिथे चाकाच्या खुर्च्या होत्या, म्हाताऱ्यांचे वॉकर होते, ऑक्सिजनची नळकांडी होती, आणि वरच्या फळीवर आम्ही बिनतारी पंप. खालच्या फळीवर दोरीवाले पंप असत. ते रोज भराभरा जात. अमेरिकेत बाळंतिणीला पंप विम्यातून द्यावा असा कायदा आहे. पण कोणता, ते विमा कंपनी ठरवते, आणि कंपनीला दोरीवालाच आवडतो. आम्ही वरच धूळ खात बसलेलो.

फळीखालीच इमानीचं टेबल होतं. लोकांना फोन करून त्यांचं सामान रवाना करायचं, हे तिचं काम. एके दिवशी तिने मला खाली घेतलं, माझ्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवली आणि नाव वाचलं, "डॅनिका होर्वाट." मला वाटलं, सुटलो. पुढे काय वाढून ठेवलंय याची मला काय कल्पना!

डॅनिकाची हकीकत मला नंतर कळली, तिच्याच तोंडून, तिच्याच स्वयंपाकघरात. ती सरोवराकाठच्या एका पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवते. छताला टांगलेली क्रेन, तिच्या पोटाला लटकलेली काचेची केबिन, आणि खाली वितळलेल्या पोलादाने भरलेली भांडी. पहिली मुलगी टेसा झाली तेव्हा ती सहा आठवड्यांनी कामावर परतली होती. दूध काढायला बाईला वेळ द्यायचा आणि आडोसा द्यायचा, हाही कायदाच आहे. कारखान्याने दोन्ही दिले. पण आडोशाची खोली होती फाटकाजवळच्या कचेरीत. बदलीचा माणूस वर चढायचा, मग ती शिडीने उतरायची, यार्ड ओलांडायची, भिंतीत दोरी खोचायची, आणि लगेच मन म्हणायचं, चल, परत निघ. मन असं मागे लागलं की पान्हा फुटत नाही. थोड्याच दिवसांत दूध आटलं.

टेसा वरच्या दुधावर वाढली आणि छान वाढली. आता शेजारची थोराड पोरंही तिला वचकून असतात. पण डॅनिकाच्या मनातून ते गेलं नाही. "मी थांबवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं," ती म्हणायची. "मी नाही थांबवलं. त्या शिडीने थांबवलं."

म्हणून दुसऱ्या वेळी पोट दिसायला लागल्यापासूनच ती बिनतारी पंपाच्या शोधात होती. पण शोधायचं कसं? ती फोनवर एकेक अभिप्राय वाचायची आणि तिचा संशय वाढत जायचा.

"'आयुष्य बदललं,'" तिने जेवणाच्या सुट्टीत रोंडाला वाचून दाखवलं. रोंडा म्हणजे तिथली वेल्डर, तीन मुलांची आई. "ही बघ, हिचंही बदललं. हिचंही. इतक्या बायकांचं आयुष्य अगदी त्याच शब्दांत कसं काय बदलतं गं?"

"कौतुक वाचूच नकोस," रोंडा सँडविच चावत म्हणाली. "शिव्या वाच. पैसे देऊन कोणी शिव्या लिहून घेत नाही. त्यातली कुठली शिवी तुला चालते ते बघ आणि तो पंप घे."

"याच्याबद्दल लिहिलंय, वाकलं की सांडतो."

"तू वाकतेस?"

"मी तर बसलेली असते. दोन दांडे हलवते."

"मग सांडू दे. अजून?"

"घरघर करतो."

यावर दोघींनी मागे धडधडणाऱ्या भट्टीकडे पाहिलं आणि इतक्या हसल्या की रोंडाला ठसका लागला.

"आणि स्वतःला मोजून घे," ठसका थांबल्यावर ती म्हणाली. "पंपाचं तोंड मोठं असलं तर नुसती हवा ओढतो आणि वर कातडं सोलून काढतो. मी हे भोगलंय."

अशा रीतीने, माझ्या शिव्या वाचून, डॅनिकाने मला निवडलं. मला याचा अभिमान आहे. गुण बघून कोणीही निवडतं.

आता राहिला विमा. कंपनीतला माणूस फोनवर म्हणाला, "बिनतारी पंप ही सोय आहे, गरज नाही."

"तुम्ही आत्ता कुठे बसलाय?" डॅनिकाने विचारलं.

"ऑफिसात, मॅडम."

"भिंतीला सॉकेट आहे?"

"आहे ना."

"माझ्या भिंती काचेच्या आहेत आणि त्या हवेत लटकतात. तर मग आपल्यातली सोय कोणाची झाली?"

त्याने अर्ज नाकारला. डॅनिका हटली नाही. तिच्या सुईणबाईंनी लिहून दिलं की ही उंचावर काम करते, जवळ वीज नाही, मध्येच उठता येत नाही. पुन्हा नकार आला, पुन्हा अर्ज गेला. लुका जन्मला, दूध भरपूर आलं, आणि अखेर कंपनीने हो म्हटलं. "मंजूर आहे. सामान देणारे तुम्हाला फोन करतील, ओळख पटवतील आणि पंप पाठवतील."

फोन करतील! इथेच सगळं अडलं.

कारण डॅनिकाचा फोन त्या दिवसांत तिच्या सासूच्या, मार्जच्या, एप्रनच्या खिशात असायचा. बाळंतिणीला दुपारची झोप मिळावी म्हणून. आणि अनोळखी नंबर दिसला की मार्जच्या अंगात यायचं. दोन वर्षांपूर्वी तिला असाच फोन आला होता. आवाज हुबेहूब तिच्या मुलाचा, म्हणजे डॅनिकाच्या नवऱ्याचा, वेसचा. "मॉम, मी तुरुंगात आहे, जामीन हवाय, कोणाला सांगू नकोस, आणि फोन ठेवू नकोस." ती पैसे पाठवायला दुकानात गेली तरी फोन चालू, रांगेत उभी राहिली तरी चालू. "ठेवू नकोस, मॉम, ठेवू नकोस." साठवलेलं सगळं त्या आवाजाला देऊन ती घरी आली, तर वेस अंगणात गवत कापत होता.

त्यानंतर ती वाचनालयात पोलिसांचं व्याख्यान ऐकायला गेली, पहिल्या रांगेत बसून. आणि तिने घरात कायदा केला: अनोळखी नंबर म्हणजे चोर. इतर लोक असे फोन घेतच नाहीत. मार्ज मुद्दाम घ्यायची. चोराला बोलण्यात गुंतवून त्याचा वेळ खायला तिला फार आवडायचं. एकाला तर तिने अक्रोडाचा रोल कसा करायचा ते अगदी पीठ फुगेपर्यंत सांगितलं होतं.

आता त्या चोरांच्या रांगेत मी जाऊन उभा राहिलो.

इमानी फोन समोर ठेवून, आवाज मोठा करून बोलायची. मी तिच्या कोपराशीच होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"नमस्कार, मी इमानी, वैद्यकीय सामानाच्या दुकानातून. डॅनिका होर्वाट आहेत का?"

"कशाबद्दल?" पलीकडून मार्ज.

"ते त्यांनाच सांगता येईल. आधी ओळख पटवायला त्यांची जन्मतारीख लागेल."

"असं? आधी तू सांग कशाबद्दल, मग मी बघते जन्मतारखेचं."

"कोणाच्या औषधपाण्याचं दुसऱ्याला सांगायला आम्हाला मनाई आहे, मॅडम. खाजगी असतं ते."

"आणि जन्मतारीख काय, चौकात लावायची असते?"

मागे लुका रडत होता. मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते असं. भुकेलं रडणं होतं. माझं काम तिथे होतं आणि मी इथे.

खरं सांगू? मला मार्जचा राग आला नाही. इमानीला कायद्याने मार्जवर संशय घ्यावा लागत होता, आणि मार्जला अनुभवाने इमानीवर. दोघी प्रामाणिक. दोघीही आपापलं दार राखत उभ्या. आणि त्या दोन दारांच्या मध्ये एका आईचं दूध अडकलं होतं. ज्या देशात चोर इतके गोड बोलतात तिथे भल्या माणसाने बोलायचं तरी कसं?

फोन होत राहिले. मार्ज कधी स्वतःला बहिरी म्हणायची, कधी पोलिसाची बायको. डॅनिकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती विमा कंपनीला विचारायची, तर उत्तर ठरलेलं: मंजूर आहे, ते फोन करतील. "खोटं बोलतात," ती वेसला म्हणाली. "मंजूर म्हणायचं आणि पाठवायचं नाही. मी थकून दोरीवाला घ्यावा म्हणून." वेसला वाटलं, पार्सल आलं असेल आणि दारातून कोणीतरी पळवलं असेल. त्याने दारावरच्या कॅमेऱ्यातलं सगळं चित्रण पाहिलं. समोरचे निवृत्त पोस्टमन दोनदा त्यांच्या पायरीकडे बघताना सापडले. वेसने त्यांना हात करणं बंद केलं.

सोमवारी डॅनिका कामावर रुजू होणार होती. बुधवारी इमानीच्या वरिष्ठांनी तिला सांगितलं, "होर्वाटचं सामान परत फळीवर टाक. उत्तर मिळत नसेल तर मंजुरी रद्द होते. त्यांना हवं असेल तर पहिल्यापासून अर्ज करतील."

"एक शेवटचा करते," इमानी म्हणाली.

"आलीस!" मार्ज खुशीत होती. "थांब, मी खुर्ची घेते."

"मॅडम, डॅनिका होर्वाट यांची जन्मतारीख..."

"बूड टेकायच्या आत जन्मतारीख! पोरी, तुझ्या आईला माहीत आहे तू काय धंदे करतेस ते?"

"आई इथेच असते, मॅडम. ऑक्सिजनची नळकांडी बघते. तिला माहीत आहे."

"मग मायलेकी मिळून लुटता. चांगलं आहे, घरचा धंदा."

इमानीने डोळे मिटले आणि कपाळ माझ्या डब्यावर टेकवलं. तिचा श्वास मला जाणवला. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका."

पलीकडे खुर्ची करकरली.

"मला काहीही सांगू नका. आत्ता फोन ठेवा. डॅनिकाबाईंच्या विम्याच्या कार्डाच्या मागे नंबर आहे, तो लावा. आमचं नाव त्यांनाच विचारा. फक्त आजच्या आज लावा."

"काय म्हणालीस?"

"फोन ठेवा म्हणाले."

"मी ठेवू?"

"हो. ठेवा."

फोन ठेवला गेला. "गेलं," इमानी म्हणाली आणि माझ्यावरच्या चिठ्ठीचा एक कोपरा तिने नखाने उचलला. पण ओढली नाही. कोपरा तसाच उभा राहिला.

तिकडे स्वयंपाकघरात काय झालं, ते त्या घरात इतक्यांदा सांगून झालंय की मला पाठ आहे. मार्ज फोन हातात धरून ओट्यापाशी उभी राहिली. पोलिसांनी व्याख्यानात एक गोष्ट सांगितली होती आणि तिच्या जिवाला ती आधीच ठाऊक होती: चोर फोन ठेवू देत नाही. काहीही करेल, रडेल, धमकावेल, पण ठेव म्हणणार नाही. ती तशीच डॅनिकाच्या खोलीत गेली.

"डॅनिका, तुझं विम्याचं कार्ड कुठंय?"

"कशाला हवंय?" डॅनिका उठून बसली. तीही त्याच घरातली.

"एक मुलगी मला फोन ठेव म्हणाली."

"मग ठेव की."

"ठेवला गं. म्हणून तर घाबरलेय."

डॅनिकाने पांघरूण बाजूला केलं. "मार्ज. कुठली मुलगी? हे फोन कधीपासून येतायत?"

मार्जने खिडकीबाहेर पाहिलं. "रोज असं नाही..."

"मार्ज!"

"तू झोपलेली असायचीस! आणि ती जन्मतारीख मागायची!"

डॅनिकाने कार्डामागचा नंबर लावला, दुकानाचं नाव ताडून पाहिलं, तिथूनच दुकानाचा नंबर घेतला आणि इमानीला फोन केला. नमस्कार नाही, काही नाही, आधी जन्मतारीखच सांगितली. इमानीने ती पडद्यावर पाहिली आणि खुर्चीत मागे रेलली. "बाई," ती म्हणाली, "तुमच्याकडे फोन घेतात त्या आजींना आमच्याकडे नोकरीला पाठवा. फोनच्या या बाजूला."

चिठ्ठीचा कोपरा तिने अंगठ्याने पुन्हा दाबून बसवला.

शनिवारी वेस सकाळपासून पायरीवर बसून होता, पार्सल कोणी नेऊ नये म्हणून. समोरचे पोस्टमन त्यांच्या पायरीवर. दोघं एकमेकांकडे बघत होते. ट्रक आला, वेसने सही केली, आणि मग जरा शरमून हात वर केला. पलीकडूनही हात वर झाला.

घरात माझी झडतीच झाली. मार्जने मला उलटंसुलटं केलं. डॅनिकाने सोबतच्या लहान कड्या बसवून माझं तोंड तिच्या मापाचं केलं. रोंडाचं म्हणणं खरं होतं, आहे तसं ते मोठं पडलं असतं. मग फोनवर माझं ॲप उघडलं.

"हा विचारतोय, तुम्ही कुठे आहात ते कळू द्याल का," डॅनिका म्हणाली.

"दुधाला ते कशाला कळायला हवंय?" मार्ज कडाडली.

"आणि फोनमधले सगळे नंबर बघू द्याल का."

मला लाज वाटली. शपथेवर सांगतो, हे प्रश्न माझे नव्हते. कोणीतरी ते माझ्या तोंडात घातले होते. माझ्या पोटावर रेघा आहेत, दूध किती झालं ते त्यावर दिसतं. एवढं पुरे असताना आईच्या छातीशी बसणाऱ्या वस्तूने बाहेर चहाड्या का कराव्यात? डॅनिकाने ॲप काढून टाकलं. मी बटणावरही चालतो. तेव्हापासून बटणावरच चालतो.

सोमवारी आम्ही केबिनमध्ये चढलो. मी कपड्याच्या आत, ती दांड्यांपाशी. दोन खेपांच्या मधे क्रेन थांबली, तिने मला चालू केलं आणि हात पुन्हा दांड्यांवर ठेवले. मी ओढत होतो. काहीच येत नव्हतं. आता मला माझाच संशय आला. डब्यावरच्या चित्राने मलाही फसवलं होतं की काय? खाली भांड्यातून लाल पोलाद साच्यात उतरत होतं. डॅनिका त्याकडे बघत होती. तिला कुठे उतरायचं नव्हतं, कुठे पोहोचायचं नव्हतं. हळूहळू तिचे खांदे खाली आले. आणि माझ्यात पहिला कोमट थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली.

तिने केबिनमधल्या रेडिओवर खाली काहीतरी कळवलं, आणि लगेच तो खरखरला. फोरमन डेल. "डॅनिका, तू बोलायला बटण दाबलंस की मागे कसली तरी घरघर येते. क्रेनची मोटर बघायला माणूस पाठवू?"

"मोटर ठीक आहे, डेल."

"मला ती ठीक वाटत नाही."

"क्रेनची नाहीये ती. माझी आहे."

रेडिओ पुन्हा खरखरला. मग रोंडाचा आवाज आला, "डेल, माणूस पाठवू नकोस. तुला समजेल असं मी जेवणात सांगते."

याला आता बरेच महिने झाले. लुका रांगतो, गाजर खातो, आणि संध्याकाळी आई दारात दिसली की अजून तिच्या अंगाशी झोंबतो. दूध आटलं नाही. मी मात्र झिजलो. माझ्यातला रबराचा पडदा विरलाय, ओढ कमी झालीये. आत्ता मी सिंकशेजारी फडक्यावर निथळत पडलोय, डावा माझ्याशेजारी. पडदे विम्यातून बदलून मिळतात. डॅनिकाने तसं कळवलंय. आता फोन येईल.

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. माझ्यासारख्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मार्जच्या घरात राहून मी तसं म्हणू शकत नाही. संशय घ्या. डब्यावरच्या चित्रावर घ्या, कौतुकावर घ्या, मंजूर म्हणणाऱ्यावर आणि नामंजूर म्हणणाऱ्यावर घ्या. पण संशय अर्ध्यावर सोडू नका. फोन आपटून खुर्चीत खुशाल बसू नका. कार्ड उलटा, तो नंबर लावा, शेवटपर्यंत जाऊन बघा. पलीकडे कोणाचं तरी मूल भुकेलं असू शकतं, आणि ते तुमचंच असू शकतं.

वाजला फोन. अनोळखी नंबर. मार्ज हात पुसत आली, खुर्ची ओढली, बसली.

"बोल. पण आधी मला जे सांगायचं ठरलंय ते सांग."

पलीकडे कोणीतरी हसलं. "फोन ठेवा, मॅडम. आणि कार्डामागचा नंबर लावा."

"शहाणी पोर," मार्ज म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिने डॅनिकाचं कार्ड काढलं, उलटं केलं, आणि चष्मा लावून एकेक आकडा दाबू लागली.